माझं काय, मी बरी आहे!

या आठवड्याच्या टपालात एक चार पानी पत्र आलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, समासातसुद्धा बारीक अक्षरात मजकूर. तालुक्याच्या गावाहून एका भगिनीनं पाठवलंय. यजमानांना दोन महिन्यांपूर्वी छातीत दुखलं, रातोरात जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. देवाच्या दयेनं आता ते घरी आहेत, हिंडतात-फिरतात. डॉक्टरांनी मीठ आणि तेल कमी करायला सांगितलंय. सासऱ्यांना बीपी, धाकट्या दिरांना मधुमेह. सासूबाईंच्या घशाखाली अळणी घास उतरत नाही आणि मुलाला रोज काहीतरी चटकदार हवं. ‘एकाच ओट्यावर एवढी पथ्यं कशी सांभाळू?’ असं त्यांनी विचारलंय.

प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही, आपल्या सगळ्यांच्याच ओट्यावरचा आहे. त्याचं उत्तर पुढं देणारच आहे. पण मी ते पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि मला काहीतरी टोचायला लागलं. चार पानांत घरातल्या प्रत्येकाच्या प्रकृतीची बित्तंबातमी आहे. सासऱ्यांचं बीपी किती, दिरांची साखर किती, सगळे आकडे तोंडपाठ. आणि पत्र लिहिणारीबद्दल? अगदी शेवटी, सही करून झाल्यावर ताजा कलम : ‘माझं काय, मी बरी आहे. हल्ली जिना चढताना धाप लागते, पण ते वयानं असेल.’

वय वर्षं सत्तेचाळीस!

म्हणून आज आधी त्या ताज्या कलमाचं उत्तर देते, पथ्याचं नंतर.

ताईची गोष्ट

माझी थोरली बहीण. आम्ही तिला ताईच म्हणतो. तिच्या घरी गौरी असतात. त्या वर्षी ती बावन्न वर्षांची होती. गौरीजेवणाच्या दिवशी पहाटे चारला उठून पुरण शिजत घातलं, आणि सहाच्या सुमारास तिला घाम फुटला. डाव्या खांद्यात आणि जबड्यात ठणका लागला, मळमळायला लागलं. छातीत म्हणाल तर कळ नाही, नुसतं जड जड. तिला वाटलं, रात्री झोप झाली नाही, पोटात काही नाही, पित्त खवळलं असेल. लिंबू-सोडा घेतला, आल्याचा तुकडा चघळला, दहा मिनिटं भिंतीला टेकून बसली आणि पुन्हा उठली. सोळा भाज्या, पाच सवाष्णी, पंचवीस पानं. दुपारी दोनला तिनं हसतमुखानं पंगत वाढली. ‘आज चेहरा उतरलाय गं तुझा,’ असं एकदोघी म्हणाल्याही. ‘दगदग झाली,’ ती म्हणाली. रात्री दहाला मागचं आवरताना मोरीशीच ती खाली बसली ती उठेना. तेव्हा कुठं दवाखाना.

ईसीजी पाहून डॉक्टर म्हणाले, ‘हे आज सकाळीच सुरू झालंय. एवढा वेळ कुठं होतात?’

कुठं होतो? स्वयंपाकघरात होतो.

ताई वाचली. पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग सोळा तास रक्ताविना राहून कायमचा निकामी झाला. तो पुन्हा उगवत नाही. आता एक जिना चढायला तिला दोनदा थांबावं लागतं. मागं एकदा ती मला म्हणाली, ‘त्या दिवशी मी वाढलं नसतं तर लोकांनी आपल्या हातानं वाढून घेतलं असतं गं. एवढंच झालं असतं.’

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आणखी एक गोष्ट नंतर उमगली. धाकट्या मुलाच्या वेळी ताईला गरोदरपणात साखर आली होती. बाळंतपण झालं, साखर उतरली, विषय संपला. पुढं वीस वर्षांत ती तिनं एकदाही तपासली नव्हती.

हा रोग आपल्याकडं लवकर येतो

पूर्वी आपण म्हणायचो, हृदयविकार म्हणजे श्रीमंतांचा, पेढीवर बसणाऱ्यांचा, साठी उलटलेल्या पुरुषांचा. यातलं आता काहीच खरं राहिलेलं नाही. देशभरातल्या मृत्यूंचा राज्यवार अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. १९९० मध्ये आपल्या देशात शंभर मृत्यूंपैकी सुमारे १५ हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होत. २०१६ मध्ये ते २८ झाले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक माणसांनी सत्तरीही गाठलेली नव्हती. केरळ, पंजाब आणि तमिळनाडू या राज्यांत या विकारांचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं, आणि त्यांच्या मागच्याच ओळीत आपला महाराष्ट्र आणि गोवाही होते.

त्याआधी, २००४ साली, ५२ देशांतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ अशा आपल्या शेजारभर पसरलेल्या भागाचा वेगळा हिशेब २००७ मध्ये मांडला गेला. पहिला झटका येण्याचं सरासरी वय इतर देशांत जवळजवळ ५९, आणि आपल्याकडं ५३. म्हणजे सहा वर्षं आधी. या सहा वर्षांत आपल्या घरात काय काय असतं ते आठवा. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, घराचे हप्ते. नेमक्या त्याच वर्षांवर हा रोग डल्ला मारतो.

असं का व्हावं? या कोड्याचा एक धागा आपल्या पुण्यात सापडला. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले स्नेही डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी छापला होता. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचाही अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघंही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के निघाली आणि आपल्या पुण्याच्या डॉक्टरांची २१.२ टक्के! म्हणजे काट्यावर वजन बेताचं दिसलं तरी आपली चरबी आत, पोटाच्या आसपास लपून बसते. आणि हीच पोटातली चरबी पुढं साखर, रक्तदाब आणि हृदयविकार यांना घराची वाट दाखवते.

याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. वजन सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हातापायांनी बारीक, स्नायू कमी, पण त्या मानानं अंगातली चरबी जास्त. पोटात असताना आईकडून जे मिळायचं ते पुरेसं मिळालं नाही, तर त्याची खूण बाळाच्या अंगावर जन्मभर राहते, असं या मंडळींचं म्हणणं आहे. म्हणून सांगते, घरातल्या मुलीच्या ताटातली डाळ, दूध, अंडं कमी करू नका. सुनेला डोहाळजेवणाच्या दिवशी ओटीभर फळं आणि एरवी सगळ्यांमागून उरलंसुरलं, असं होऊ देऊ नका. नातवाच्या हृदयाची काळजी तिथून सुरू होते.

बायकांचं म्हणून काही वेगळं

पाळी चालू असेपर्यंत स्त्रीच्या हृदयाला निसर्गाचं थोडंफार कवच असतं. पाळी गेली की ते गळून पडतं, आणि मधुमेह असेल तर आधीच गळून पडतं. शिवाय काही गोष्टी फक्त आपल्या वाट्याच्या आहेत आणि त्या आपण डॉक्टरांना सांगतच नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का? साखर आली होती का? दिवस भरण्याआधी बाळंतपण झालं होतं का? पाळी चाळिशीच्या आत गेली का? यांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर पुढं हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. डॉक्टरांकडं जाल तेव्हा त्यांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. बाळंतपणाचे जुने कागद फेकू नका.

दुसरं म्हणजे पोटाचा घेर. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर स्त्रियांपैकी ४० जणींच्या पोटाचा घेर धोक्याच्या रेषेबाहेर होता. पुरुषांत हेच प्रमाण शंभरात १२. वाचून दचकलात ना? आपण यजमानांच्या ढेरीवर विनोद करतो आणि आपली ढेरी पदराआड झाकतो!

तिसरं, तंबाखू. ‘आमच्यात बायका तंबाखू खात नाहीत,’ असं म्हणणाऱ्या घरातसुद्धा मोरीच्या फळीवर मशेरीची डबी असते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दातांना लावली काय आणि गालात धरली काय, ती रक्तात जातेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरांतल्या जवळजवळ तेरा स्त्रिया बिनधुराची तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात घेत होत्या. सासूबाईंची वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात सुटणार नाही हे खरं. पण निदान नव्या सुनेच्या, नातीच्या हातात ती डबी जाऊ देऊ नका.

मग हे नशिबातच आहे का?

मुळीच नाही. त्या ५२ देशांच्या अभ्यासात नऊ गोष्टी तपासल्या होत्या. तंबाखू, रक्तातली बिघडलेली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्यांची कमतरता, अंगमेहनतीचा अभाव आणि मद्यपानाची सवय. पहिल्या झटक्याच्या धोक्याचा पुरुषांत ९० टक्के आणि स्त्रियांत ९४ टक्के उलगडा या नऊ गोष्टींतच होतो असं दिसलं. म्हणजे नशिबाच्या वाट्याला फारच थोडं उरलं. बाकीचं बरंचसं आपल्या दोन हातांत आहे.

एखादा अख्खा मुलूख हे बदलू शकतो का, असं विचाराल, तर हो, एकानं बदलून दाखवलंय. फिनलंड या थंड देशाच्या पूर्वेला उत्तर करेलिया नावाचा प्रांत आहे. १९६०च्या दशकात तिथले ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकारानं पटापट जात होते. जगात सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्या भागांत त्याची गणना व्हायची. लोणी भरपूर, मीठ भरपूर, भाजी जवळजवळ नाहीच, आणि तोंडात सिगारेट. अखेर १९७१ मध्ये तिथल्या लोकांनीच सरकारकडं अर्ज केला, की आमच्यासाठी काहीतरी करा. १९७२ मध्ये पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं.

आणि मैत्रिणींनो, ते पुढं कुणी नेलं ठाऊक आहे? तिथल्या गृहिणींनी! मार्था नावाची त्यांची जुनी संघटना आहे, आपल्याकडच्या महिला मंडळासारखी. त्यांनी गावोगाव बायकांना जमवून नेहमीचेच पदार्थ कमी लोणी, कमी मीठ आणि जास्त भाज्या घालून करून दाखवले, वाढले, खायला घातले. भाषणापेक्षा ताट लवकर पटतं! चाळीसेक वर्षांत तिथल्या कमावत्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक खाली आले. आपल्या महिला मंडळांनी वाणाच्या वस्तूंबरोबर एखाद्या संक्रांतीला रक्तदाब तपासणीचं वाण द्यायला काय हरकत आहे?

तीन आकडे, कॅलेंडरच्या पानावर

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, मोलकरणीच्या सुट्ट्या लिहितो. त्याच पानाच्या कोपऱ्यात आता तीन आकडे लिहायचे. यजमानांचे नव्हेत, स्वतःचे.

पहिला आकडा घेराचा. ब्लाउजची मापं घ्यायची टेप काढा. परकराची नाडी बांधतो तिथं मोजू नका, ती जागा खाली येते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा. श्वास सोडा, पोट आत ओढू नका, इथं कुणी बघत नाहीये! स्त्रीचा घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवा. पुरुषाचा ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत.

दुसरा आकडा रक्तदाबाचा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर, आणि मोजताना बोलायचं नाही. (हे आपल्याला जरा अवघडच!) वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० आणि पुढं, असं वेगवेगळ्या दिवशी दोनदा आढळलं तर डॉक्टरांकडं जायचंच. रक्तदाब वाढला म्हणजे डोकं दुखेल, चक्कर येईल, अशी वाट बघू नका. बहुतेकींना काहीही होत नाही. तो मुकाट्यानं काम करतो, आपल्यासारखाच!

तिसरा आकडा साखरेचा. उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर छान. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. १२६ किंवा वर गेली तर मधुमेहाची शंका घेऊन पुन्हा तपासायची. गोव्यातल्या मैत्रिणींनी तर हे मनावरच घ्यावं. देशव्यापी पाहणीचे जे आकडे २०२३ मध्ये आले, त्यांत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, शंभरात २६ हून अधिक.

यासाठी मोठ्या दवाखान्यात जायला हवं असं नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे. आशाताई फॉर्म घेऊन दारात आल्या तर ‘यांचं लिहा, मामंजींचं लिहा’ म्हणून आत वळू नका. तुमचंही नाव घाला.

आणि गोळी सुरू झाली तर बरं वाटतंय म्हणून ती सोडू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळंच. आज आपण चहा सोडतो का? मग गोळी का सोडायची?

आता ओट्याचं उत्तर

पत्रलेखिका भगिनी, आता तुमचा मूळ प्रश्न. चौघांची चार पथ्यं वेगळी शिजवायची नाहीतच. यजमानांना, मामंजींना, भाऊजींना जे चांगलं, तेच मुलालाही चांगलं आणि तुम्हालाही. घराला एकच स्वयंपाक, सगळ्यांना तोच.

मिठाचं असं करा. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचाभर, ही मर्यादा. आपल्याकडं सरासरी खाल्लं जातं आठ ग्रॅमच्या आसपास. मिठाचं नवं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख घाला. चौघांच्या घरात एक किलो मीठ पन्नास दिवसांच्या आत संपत असेल, तर हात जड आहे असं समजा. लोणच्याचं मीठ वेगळं धरा, पण विसरू नका! एकदम अर्धं केलंत तर ताट परत येईल. दर आठवड्याला चिमूट चिमूट कमी करा, जिभेला पत्ता लागत नाही. भाताला आणि कणकेला मीठ घालायचं बंद केलंत तरी पुष्कळ झालं. चव राखायला लिंबू, आमसूल, चिंच, ओलं खोबरं नव्हे पण कोथिंबीर, जिऱ्याची पूड, लसणाची फोडणी आहेच. लोणचं, पापड, फरसाण, खारे दाणे, सांडगी मिरची, कोकणात सुकी मासळी, हे रोजच्या ताटातून काढून सणावारी ठेवा. मिठाची बरणी ताटाजवळ आणूच नका. आणि सैंधव घेतलं म्हणजे चालतं, हा गैरसमज काढून टाका. रक्तदाबाच्या दृष्टीनं तेही मीठच. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

तेलाचं असं. माणशी दिवसाला चार छोटे चमचे, साधारण वीस ग्रॅम. चौघांना महिन्याला अडीच-पावणेतीन लिटर झालं. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढं वेगळ्या बरणीत काढा आणि तीस तारखेपर्यंत पुरवा. पिशवीतून थेट कढईत ओतलं की हिशेब राहत नाही. साजूक तूप की तेल, हा वाद घरोघरी चालतो. दोन्हींत चमचा मोजलात की वाद निम्मा मिटतो. फोडणीला तेल घेतलंत तर वरून तूप अर्धाच चमचा. वनस्पती तुपाला मात्र घरात जागा देऊ नका. त्यातल्या घातक चरबीवर २०२२ पासून दोन टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आली आहे, तरी खारी, बिस्किटं, बाहेरची भजी हे बेतानंच. तळून उरलेलं काळपट तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. चार पैसे वाचतात आणि हृदयाला भुर्दंड पडतो.

ताटाची मांडणीही बदला. निम्मं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव डाळ-उसळीचं, पाव भात किंवा भाकरीचं. भाकरी, मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, रोज मूठभर शेंगदाणे, हे काही परदेशातून आणायचं नाही, आपल्या आजीच्याच ताटात होतं. बदललं ते एवढंच, की भाताचा डोंगर झाला आणि भाजीची टेकडी.

आणि चाला! ‘दिवसभर पाय थांबत नाहीत, आणखी काय चालायचं?’ असं तुम्ही म्हणणार. कामात हालचाल होते, खरं आहे. पण ओट्यापासून मोरीपर्यंतच्या चालण्यानं हृदयाची धडधड वाढत नाही. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. शेजारणीला बरोबर घ्या. त्या अर्ध्या तासात सासूबाईंच्या तक्रारी बोलून होतील, मनही हलकं होईल. ताण हाही त्या नऊ गोष्टींपैकी एक आहे, हे विसरू नका. पण जिना चढताना धाप लागते असं ज्या म्हणतात, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं, मग चालायला लागावं.

हे मात्र पाठच करा

छातीत दाब, जडपणा किंवा जळजळ, हे बायकांतही मुख्य लक्षण आहेच. पण आपल्यात बरेचदा त्याबरोबर, आणि कधी त्याच्याशिवायही, दुसऱ्या गोष्टी होतात. जबडा, मान, पाठ, खांदा यांत ठणका. दरदरून घाम. मळमळ, उलटी. धाप. अंगातलं त्राण गेल्यासारखा थकवा. म्हणून ते पित्त वाटतं, दगदग वाटते. असं काही मिनिटं राहिलं, थांबलं नाही, तर लिंबू-सोड्याच्या नादी लागायचं नाही. काम टाकून खाली बसायचं, घरातल्यांना मोठ्यानं सांगायचं आणि १०८ ला फोन करायला लावायचं. महाराष्ट्रात आणि गोव्यात ही रुग्णवाहिका या नंबरवर येते. जिना उतरून चालत जायचं नाही, दुचाकीवर मागं बसायचं नाही. दवाखान्यात गेल्यावर ‘पित्त झालंय’ असं आपण निदान सांगायचं नाही. ‘छातीचा ईसीजी काढा,’ एवढंच म्हणायचं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन असो की जाळी, पहिल्या काही तासांत त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा नंतर होत नाही. पित्तच निघालं तर हसत घरी या. कुणी नावं ठेवली तर माझं नाव सांगा!

पैशाच्या भीतीनंही पुष्कळजणी दुखणं अंगावर काढतात. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयावरचे मोठे उपचार येतात. रेशनकार्ड आणि ओळखीचा कागद कुठं ठेवलाय, ते घरात आणखी एकाला तरी ठाऊक असू द्या. आपण आजारी पडलो तर ते शोधायला आपण नसणार!

तर पत्रलेखिका भगिनी, तुम्हाला माझं सांगणं एवढंच. पुढच्या वेळी यजमानांना तपासायला न्याल, तेव्हा केसपेपर दोन काढा. सत्तेचाळिसाव्या वर्षी लागणारी धाप वयाची नसते. रक्त कमी असेल, थायरॉईड असेल, काही किरकोळ असेल, पण ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही नाही आणि मीही नाही.

यंदा गौरीला ताईकडं गेले होते. ताई पाटावर बसली होती आणि भाचा, भाचेसून आणि ताईचे यजमान वाढत होते. वरण थोडं करपलं होतं, पुरण जरा सैल झालं होतं. कुणी काही बोललं नाही. सवाष्णी पोटभर जेवल्या, गौरीही रुसल्या नाहीत.

कॅलेंडरवर तीन आकडे लिहिलेत की मला कळवा. आणि पत्रात ताजा कलम टाकाल तेव्हा ‘मी बरी आहे’ असं नुसतं लिहू नका. तपासून घेतलंय, म्हणून बरी आहे, असं लिहा.